उणे चार किलोमीटर

लालासाबला घाणीची किळस कधी आलीच नाही. येऊन चालणारंही नव्हतं. सडकेवरचा मैलकुली तो. ट्रकखाली आलेलं कुत्रं फावड्यानं उचलायचं, मोरीत तुंबलेलं मेलेलं रेडकू दोरी लावून बाहेर ओढायचं, ऊसगाड्यांच्या बैलांचं शेण पावसात रस्ताभर झालं की खरवडून काढायचं, ही त्याची रोजची कामं. ती उरकली की ओढ्यावर हातपाय धुवायचे आणि बाभळीखाली बसून भाकरी सोडायची. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर दोन दिवस घशाखाली घास उतरला नसता. आणि अशा माणसाला किळस आली ती कशाची, तर एका कागदाची. पांढराशुभ्र, टाइप केलेला, खाली गोल शिक्का मारलेला कागद. सांगताना माझंही डोकं फिरतं, तेव्हा तोंडातून काही वावगं गेलं तर पोटात घाला.

कोल्हापुरातून जयसिंगपूरकडं जाणाऱ्या सडकेवर, एकोणिसाव्या दगडापाशी, पिराची तिकटी म्हणून वस्ती आहे. मोठ्या सडकेला आडवा गाडीरस्ता येऊन मिळतो म्हणून तिकटी, आणि कोपऱ्यावर पिराचं थडगं म्हणून पिराची. तेव्हा तिथं बावीस घरं होती, एक पिठाची गिरण, एक चौथीपर्यंतची शाळा. त्यातलं सडकेला लागून असलेलं घर लालासाबचं. त्याचा बापही सडकेवरच खपला. बाप गेला त्याच पावसाळ्यात मुकादमानं पोराच्या हातात फावडं दिलं, आणि आताच्या हिशोबानं सोळाव्या दगडापासून चोविसाव्या दगडापर्यंतची सडक लालासाबची झाली. कागदावर ती दुसऱ्या कुणाची असेल. पण त्या आठ किलोमीटरात खड्डा कुठं आहे, मोरी कुठं गळते आणि सापाचं बीळ कुठल्या भरावात आहे, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

सगळ्यात जास्त जीव त्याचा दगडांवर. दर साली दसऱ्याच्या आधी तो चुन्याची बादली, काळा रंग आणि ब्रश घेऊन निघायचा. दगडाच्या भोवतीचं गवत काढायचा, दगडाला नवरदेवासारखी आंघोळ घालायचा, चुना द्यायचा आणि मग पोटावर काळा आकडा काढायचा. अक्षरं त्याला सहीपुरती येत, पण आकडा असा काढायचा की छापखान्यानं बघत राहावं. बासष्ट साली मैल गेले आणि किलोमीटर आले तेव्हा जुने दगड उपटून नवे रोवायचं कामही त्यानंच केलं. मैल गेले, तरी मैलकुली मैलकुलीच राहिला. किलोमीटरकुली म्हणायला कुणाची जीभ वळते! एका शेतकऱ्यानं बांध रुंद करायला विसावा दगड चार हात सरकवला होता, तर लालासाबनं त्याच्या दारात जाऊन अशा शिव्या दिल्या की त्यानं मुकाट्यानं दगड होता तिथं आणून रोवला. दगड म्हणजे त्याच्या लेखी कुराणावर हात ठेवून बोललेला शब्द. त्यात फेरफार नाही.

अडुसष्ट सालच्या पावसाळ्यात त्याच्या बायकोला, मदिनाला खोकला लागला. तो काही जाईना. काढे झाले, ताईत झाला, आणि एक दिवस पदराला रक्त दिसलं. लालासाब तिला कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं छातीचा फोटो काढला, क्षय आहे म्हणून सांगितलं आणि भिऊ नका म्हणाला. आता यावर औषध आहे, रोज एक सुई, अशा नव्वद सुया घ्यायच्या, एकही चुकवायची नाही आणि चालण्या-दमण्याचं काम करायचं नाही. एवढं पाळलं तर बाई उठून कामाला लागेल, असं त्यानं तोंडभरून सांगितलं.

शहरात मदिनाची सख्खी बहीण होती, खैरुनबी. तिच्या घरी तीन महिने राहिलं असतं तर दवाखाना हाकेवर होता. पण खैरुनबीनं दारातच गोणपाट टाकलं, पाणी दिलं ते फुटक्या तांब्यातून, आणि पोरं लहान आहेत म्हणाली. पोरं लहान होती हे खरंच. दोघं परत निघाली आणि कोपऱ्यावरून लालासाबनं मागं वळून पाहिलं, तर खैरुनबी तो तांब्या राखेनं घासत नव्हती, उकिरड्यावर फेकत होती. शी! सख्ख्या बहिणीचं हे, मग परक्याला काय बोलायचं?

म्हणजे रोज तिकटीवरून बसनं जाणं आलं. आणि बस तिकटीवर थांबत नव्हती. कोल्हापूरच्या अंगाचा थांबा होता गुळवे मळ्याला, सतराव्या दगडापाशी. जयसिंगपूरच्या अंगाचा थांबा चिंचबन फाट्याला, तेविसाव्या दगडापाशी. मधे तिकटी कोरडीच. बस धुरळा उडवत निघून जायची. मदिनाला दवाखाना गाठायचा तर आधी दोन किलोमीटर चालून गुळवे मळा गाठायला हवा, आणि चालायचं तर नाही असं डॉक्टरनं बजावलेलं. तेव्हा थांबा मागायचा असं तिकटीच्या सगळ्या घरांनी मिळून ठरवलं, आणि अर्ज लालासाबच्या नावानं करायचं ठरलं, कारण गरज त्याची मोठी.

अर्ज लिहायला बसले शाळेचे अप्पा मास्तर. त्यांनी साधंसरळ लिहायला घेतलं, की अलीकडचा थांबा दोन किलोमीटरवर, पलीकडचा चार किलोमीटरवर, सबब मधे थांबा मिळावा. लालासाबनं त्यांचा हात धरला.

"मास्तर, असं अंदाजानं नगा लिवू. दोन काय, कुणीबी म्हणंल. दगड लिवा. सतरा, एकोणीस, तेवीस. आकडा माझ्या हातचा हाय, त्यो खोटा पडायचा न्हाई."

मास्तर म्हणाले, अरे, दोन ते दोनच की. पण लालासाबच्या डोळ्यांत अशी काही चमक होती की त्यांनी ते वाक्य खोडलं आणि दगडांचे आकडे लिहिले. इथंच माशी शिंकली. आपल्या कामाचा अभिमान माणसाला कुठं नेऊन आपटेल, सांगता येत नाही.

तीन आठवड्यांनी मोटार कचेरीचं उत्तर आलं. मास्तरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. कोल्हापूरहून जयसिंगपूरकडं जाणाऱ्या गाड्यांना पिराची तिकटी इथं थांबा मंजूर. जयसिंगपूरहून कोल्हापूरकडं येणाऱ्या गाड्यांना थांबा नामंजूर. कारण दोन थांब्यांमधलं अंतर किमान दोन किलोमीटर पाहिजे, आणि सदर ठिकाणी ते उणे चार किलोमीटर भरतं.

आता हे उणे चार आलं कुठून, ते सांगतो. कचेरीत टोणपे म्हणून भाऊसाहेब होते, थांब्यांचं टेबल त्यांच्याकडं. त्यांच्या छापील फॉर्मात एक ओळ होती: नव्या थांब्याचा दगड वजा आधीच्या थांब्याचा दगड. कोल्हापूरहून निघालेल्या गाडीला आधीचा थांबा सतरावा. एकोणीस वजा सतरा, दोन. अट पुरी झाली, मंजूर. उलट्या गाडीला आधीचा थांबा तेविसावा. एकोणीस वजा तेवीस, उणे चार. उणे चार हे दोनापेक्षा लहान की मोठे? लहान. मग अटीत बसत नाही, नामंजूर. शिक्का, सही, जावक क्रमांक. टेबलामागं बसलेल्या त्या माणसाला एकदाही वाटलं नाही, की उणे चार किलोमीटर सडक कुणी बघितली आहे का बाबा, आणि ती असते कशी, जमिनीच्या खालून जाते की काय?

म्हणजे झालं असं, की बस तिकटीच्या माणसाला शहरातून घरी आणून सोडणार, पण घरातून शहरात न्यायला थांबणार नाही. चार दिवस तिकटी हसत होती. गिरणीवर पीठ न्यायला आलेला प्रत्येक माणूस विचारायचा, काय पावणं, आज उण्याकडं जाणार का अधिकाकडं? पाचव्या दिवशी हसू संपलं. मदिनाच्या सुया सुरू झाल्या होत्या.

गुंडू नावाचा ड्रायव्हर होता त्या वाटेवर. त्यानं सडकेच्या कडेला वाकून खोकणारी बाई बघितली आणि तीन वेळा आपण होऊन तिकटीवर गाडी थांबवली. चौथ्या वेळी गाडीत तपासनीस निघाला. नामंजूर ठिकाणी गाडी उभी केली म्हणून गुंडूला मेमो मिळाला, पुन्हा केलंस तर घरी बसशील अशी तंबी मिळाली. त्यानंतर तिकटी आली की गुंडू तोंड फिरवून पलीकडच्या उसाकडं बघायचा. त्याला तरी काय म्हणायचं? त्यालाही लेकरंबाळं होतीच.

मग मदिना चालायला लागली. पहाटे निघायचं, सडकेच्या कडेला दर दोनशे मीटरवर बारका दगड असतो, त्या प्रत्येक दगडावर बसायचं, दम घ्यायचा, उठायचं. निरोगी माणूस अर्ध्या तासात जातो त्या दोन किलोमीटरला तिला दीड तास लागायचा. लालासाबनं खडी वाहायचा हातगाडा आणला, त्यात गोधडी घातली, बस म्हणाला. ती बसेना. "मी काय खडी हाय व्हय?" म्हणाली. पुढं महिनाभरानं ती आपणच जाऊन गाड्यात बसली, आणि ते लालासाबला तिच्या नकारापेक्षा वाईट वाटलं.

दरम्यान तो कचेरीत गेला. टोणपे भाऊसाहेब काडीनं कान कोरत बसले होते. काडीला काय लागलं ते निरखून बघायचे, टेबलाच्या कडेला पुसायचे आणि त्याच हातानं फायलीचं पान उलटायचे. लालासाबनं आपला कागद पुढं केला आणि हे उणे चार म्हणजे किती चालायचं, असं विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, वजाबाकी चुकली असेल तर दाखवा. लालासाबनं बोटांवर मोजलं. एकोणिसातून तेवीस जात नाहीत, चार कमी पडतात. वजाबाकी बरोबर होती. चूक असती तर बोट ठेवता आलं असतं. हे बरोबर असूनही नासकं होतं, आणि नासलंय कुठं ते सापडत नव्हतं.

तरी तो बोलला.

"भाऊसाब, मी सकाळी एकोणिसावरनं तेविसावर जातो, सांजच्याला तेविसावरनं एकोणिसावर येतो. तुमच्या रीतीनं सकाळी चार चाललो आन सांजच्याला उणे चार. म्हंजे दिवसभरात मी चाललोच न्हाई. मग ह्या टाचा कशानं फुटल्या?"

भाऊसाहेबांनी टेबलावरून वाकून खरोखरच त्याच्या टाचा बघितल्या. मग म्हणाले, "टाचांचा रकाना नाही यात."

त्या दिवसापासून लालासाबच्या डोक्यात ती वजाबाकी घर करून बसली. खड्डे बुजवताना, गवत काढताना तो पुटपुटत असायचा. वेड लागलं म्हणून मुकादमानं एकदा दरडावलंही. आणि एक दिवस एकविसाव्या दगडापाशी मुरूम पसरताना तो एकदम उभा राहिला. एका बाजूनं कोल्हापूरची गाडी आली, दुसऱ्या बाजूनं जयसिंगपूरची. दोन्ही त्याच्या समोर एकमेकींना ओलांडून गेल्या. तोंडं उलटी, सडक तीच. फावडं तिथंच टाकून तो तिकटीवर आला आणि शाळा चालू असताना अप्पा मास्तरांच्या वर्गात शिरला.

त्यानं सांगितलं ते असं, की वजाबाकी खरी आहे, पण ती दोन गोष्टी सांगते. चार हा आकडा सांगतो किती, आणि उणे सांगतं कुणीकडं तोंड करून. कोल्हापूरकडं पाठ केली की अधिक, कोल्हापूरकडं तोंड केलं की उणे. भाऊसाहेबानं किती विचारायचं होतं आणि उत्तर वाचलं कुणीकडचं.

"मास्तर, तोंड माणसाला असतंय, गाडीला असतंय. सडकंला कुठलं तोंड? लांबी मोजायची तर उणं सोडून द्यायचं, चार तेवढं घ्यायचं."

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. तीस वर्षं ते पोरांना सांगत आले होते, अंतर काढायचं तर मोठ्यातून लहान वजा करा, नाहीतर छडी खाल. का, ते त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. एका मैलकुल्यानं भर वर्गात ते उलगडून ठेवलं. त्याच दुपारी त्यांनी दुसरा अर्ज लिहिला, हेच सगळं शुद्ध भाषेत मांडून.

टोणपे भाऊसाहेबांनी तो वाचला, नाही असं नाही. वाचून म्हणाले, मुद्दा ठीक आहे, पण फॉर्म बदलायला वरून हुकूम लागतो. त्यापेक्षा सडकेच्या साहेबाचा दाखला आणा, की या दोन दगडांत चार किलोमीटर अंतर आहे, मी फायलीला लावतो. लालासाबच्या जिवात जीव आला. सडकेच्या साहेबामागं महिनाभर हिंडून त्यानं दाखला मिळवला. दगड क्रमांक एकोणीस ते दगड क्रमांक तेवीस, अंतर चार किलोमीटर. सही, शिक्का. तो कागद फडक्यात गुंडाळून, फडकं छातीशी धरून तो कचेरीत गेला.

भाऊसाहेबांनी दाखला उजेडात धरला, खालीवर केला आणि परत दिला.

"हा एकोणीस ते तेवीस आहे. आम्हाला तेवीस ते एकोणीस पाहिजे."

आता बोला! ऐकून हात शिवशिवतात की नाही? लालासाबचेही शिवशिवले. पण बायको आजारी असलेला माणूस कचेरीत हात उचलत नाही. तो पुन्हा सडकेच्या साहेबाकडं गेला, तर साहेब खेकसला, की एक दाखला दिला ना, तोच उलटा वाच, पुन्हा माझ्या दारात दिसलास तर बघ. टोणपे उलटा वाचेना आणि साहेब उलटा लिहीना. मधल्यामधे लालासाब दोन्ही दारांची धूळ खात फिरत राहिला.

आणि इकडं सुया चुकायला लागल्या. एकसष्टावी सुई चुकली ती गुळवे मळ्याच्या अलीकडच्या शेवटच्या बारक्या दगडावर. मदिना दम घ्यायला बसली होती, मागून गाडी आली, दोघांच्या अंगावर धुरळा टाकून पुढं गेली, दोनशे मीटरवर थांबली, माणसं घेतली आणि निघून गेली. लालासाब हात हलवत धावला. गाडा टाकून धावला. काय उपयोग? पुढं थंडी पडली आणि मदिना सलग आठ दिवस उठलीच नाही. नवव्या दिवशी दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरनं कपाळाला हात लावला आणि सुया पुन्हा पहिल्यापासून धरायला लागतील म्हणाला. संध्याकाळी बस तिला अगदी दारात आणून सोडून गेली. उतरताना ती नवऱ्याला म्हणाली, "आणून सोडायला बरं यांचा जीव निघतोय."

माघात ती गेली. तिच्या नव्या मोजणीतल्या सतरा सुया झाल्या होत्या.

लालासाब रडला, ते सगळ्यांनी बघितलं. पण त्यानंतर त्याला जे झालं ते कुणाला दिसत नव्हतं. त्याला स्वतःचा उबग आला. मास्तर दोन आणि चार लिहीत होते, दगड लिवा म्हणालो तो मी. दगड लिहिले नसते तर टोणप्याला वजा करायला काही मिळालंच नसतं. हे त्याच्या मनात खरजेसारखं खाजत राहिलं, जितकं खाजवावं तितकं चिघळायचं. अप्पा मास्तरांनी सांगून पाहिलं, की असल्या माणसानं दुसरं काहीतरी काढलं असतं. तेही खरंच होतं. पण त्या साली दसऱ्याच्या आधी चुन्याची बादली उचलली आणि लालासाबच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं. मुकादमानं आरडाओरडा केल्यावर त्यानं आकडे काढले. कसेबसे काढले. तेविसाच्या दगडावर रंगाचा ओघळ तसाच राहिला, तो त्यानं पुसला नाही.

पुढच्या वर्षी तिकटीला लागून हंबीररावांनी मळा घेतला. मोठं प्रस्थ. साखर कारखान्यात ऊठबस, दारात जीप, गोठ्यात तीस म्हशी. म्हशींचं दूध रोज सकाळी कोल्हापुरात जायला हवं, आणि त्यासाठी जीप झिजवण्यापेक्षा बसच्या टपावर कॅन टाकणं सोयीचं. हंबीररावांनी कुणाला तरी फोन केला. आठ दिवसांत लालासाबला मोटार कचेरीचं बोलावणं आलं.

बायको होती तेव्हा ज्या टेबलापुढं त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं, तिथं त्याच्यासाठी खुर्ची ओढली गेली. टोणपे भाऊसाहेबांनी चहा मागवला. नवा अर्ज घ्यायचा तर तीन महिने जातात, म्हणून जुनीच फाईल वर काढली, असं त्यांनी मोठ्या प्रेमानं सांगितलं. फाईल उघडली आणि लालासाबपुढं सरकवली. तोच कागद. तीच वजाबाकी, एकोणीस वजा तेवीस. फक्त चाराच्या आधीची ती आडवी रेघ आता एकटी नव्हती. तिच्यावर निळ्या शाईनं एक उभी रेघ मारली होती. उण्याचं अधिक झालं होतं.

लालासाब त्या रेघेकडं बघत राहिला. बोटाच्या पेराएवढीही नव्हती ती.

"ही रेघ कवा मारली, भाऊसाब?"

"काल. साहेब म्हणाले, मारून टाका."

"मारायला किती वेळ लागला?"

भाऊसाहेब हसले. "अहो, रेघेला कसला वेळ?"

तेव्हा लालासाबला किळस आली. ट्रकखालची कुत्री उचलणारा माणूस, पण समोरचा चहा त्याला बघवेना, बशीच्या कडेला चिकटलेली माशी बघवेना, कानात काडी घालणारं ते बोट बघवेना. त्या कागदाचा वास येतोय असं त्याला वाटलं. सडलेला, गोडसर, मोरीतल्या रेडकासारखा. उठावं, फाईल या माणसाच्या तोंडावर मारावी आणि चालायला लागावं, असं त्याच्या मनात आलं. आणि तो उठलाही.

पण अर्जदाराची सही झाल्याशिवाय हुकूम निघत नाही, असं भाऊसाहेब म्हणाले. लालासाब उभाच राहिला. म्हशींच्या दुधाचं त्याला सोयरसुतक नव्हतं. पण तिकटीवर बावीस घरं होती. धोंडुबाईची सून पोटुशी होती आणि दर पंधरा दिवसांनी चालत गुळवे मळा गाठत होती. अप्पा मास्तरांना एका डोळ्यानं दिसेनासं झालं होतं. ही माणसंसुद्धा त्याच सडकेच्या कडेला, त्याच बारक्या दगडांवर बसत-उठत जात होती. लालासाब परत खुर्चीत बसला.

भाऊसाहेबांनी चष्मा लावला. रीत म्हणून अर्जदाराला मजकूर वाचून दाखवायला लागतो, म्हणाले. गाव, तालुका, दगडांचे आकडे असं भराभर वाचत ते खालच्या ओळीवर आले.

"मागणीचं कारण. 'अर्जदाराची पत्नी मदिना आजारी असून तिला रोज दवाखान्यात न्यावे लागते.' बरोबर आहे ना? बरोबर असेल तर खाली सही करा."

लालासाबनं टाक हातात घेतला.

"बरोबर हाय," तो म्हणाला, आणि त्यानं सही केली.